पाण्याचा कूलर परत पाठवते आहे

असुन्सिओन, डिसेंबर

प्रिय देर्लिस,

खोकं हातात घेतलंस की आधी त्याची चिकटपट्टी बघ. तूच लावलेली आहे, मी ती सोडवलेली नाही. प्रोसेसरसाठी पाठवलेला तुझा पाण्याचा कूलर आत जसाच्या तसा आहे. मी फक्त बाहेरचं चित्र पाहिलं: दोन नळ्या, लांबट जाळी आणि इंद्रधनुष्यासारखे पेटणारे पंखे. सरहद्दीचा पूल ओलांडून तुमच्या दुकानांच्या गॅलरीत येणारं कुणीही ब्राझिलियन गिऱ्हाईक तो हसत घेऊन जाईल. बसच्या कंडक्टरला मी बजावलंय की खोकं उभं ठेव आणि चिपाच्या, त्या चीजच्या पावांच्या टोपलीखाली दाबू नकोस.

आता तू म्हणशील, हिचं डोकं फिरलंय. घरपोच आलेला चांगला कूलर परत करते आणि बाजारातून साधा पंख्याचा कूलर उचलून आणते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुला यातलं कळतं, त्यामुळे तुझ्याशी भांडायला मजा येते. इथे कुणाशी या विषयावर भांडताच येत नाही. आईला सांगितलं की मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतेय, कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवतेय, म्हणून तो तापतो आणि त्याला गार ठेवावं लागतं, तर ती म्हणाली, “मग पळवू नकोस की गं बिचाऱ्याला.” झालं, वाद संपला.

मशीन तेच आहे, आपलं. तुझ्या सायबर कॅफेतलं, खांबांवरच्या त्या फळ्यांच्या खोलीतलं. पोरं बाकावर दाटीवाटीने बसून खेळायची आणि तू कोपऱ्यातल्या या एका मशीनला हात लावू द्यायचा नाहीस. ते आपल्या दोघांचं होतं. तू वेग वाढवत न्यायचास, आणखी थोडा, आणखी थोडा, आणि पडद्यावर आकडा चढला की त्याचा फोटो काढायचास. पुढच्या मिनिटाला मशीन निळं पडून बंद व्हायचं. तरी तू फोटो घेऊन सगळ्या वस्तीत फिरायचास. मला त्या फोटोत कधी रस नव्हता. मी शोधायची तो वेग, जो सकाळी लावला तर संध्याकाळीही टिकलेला असेल. तू चिडवायचास, “निमिया, तू प्रोसेसर पळवत नाहीस, त्याला नोकरीला लावतेस.” तेव्हा मी हसायची. आपण दोघं एकाच मशीनकडून दोन वेगळ्या गोष्टी मागत होतो, हे तेव्हा कळलं नव्हतं.

नदी आली तेव्हा तू छातीएवढ्या पाण्यातून ते डोक्यावर घेऊन चालला होतास, हे मी विसरलेली नाही. बाकीची यंत्रं गेली, बाकं गेली, तुझी पाटी वाहून गेली. पण हे एक तू आणून पुरापुरत्या बांधलेल्या आमच्या प्लायवूडच्या खोपटात, वरच्या शहरातल्या चौकात पुतळ्याच्या पायथ्याशी, माझ्या पलंगाखाली सरकवलंस आणि म्हणालास, “हे तुझं. परीक्षा दे.” मी दिली. त्या खोपटात पत्र्यावर पाऊस वाजत असताना मी पाण्याच्या प्रवाहाची गणितं सोडवली. आमच्या घरात शाळेपुढे कुणी गेलेलं नव्हतं, आणि मी इंजिनियर झाले. पदवीचा कागद आईने वस्तीत दारोदार फिरवला. लोक हात पुसून मग कागद धरत होते. तो सगळा आनंद तुझ्या डोक्यावरून आला होता, हे मी कुणालाही सांगेन. तुलाही सांगते आहे.

पूर ओसरल्यावर सगळे परत आले, तू नाही आलास. तू सरहद्दीवर, सिउदाद देल एस्तेला गेलास. मी अडवलं नाही. आपल्याकडे जाणाऱ्याला कोण अडवतं?

मग ऑगस्टमध्ये तू आलास. दुकानाचं नाव छापलेलं नवं जाकीट घालून, हातात गरम चिपाची पिशवी. आईने तुझ्यासाठी चहासारखा उकळता माते केला. तू नेहमीच्या हावरटपणाने नळी तोंडाला लावलीस आणि जीभ भाजून घेतलीस. आई हसून म्हणाली, “मोठा दुकानदार झालास तरी फुंकर मारायला शिकला नाहीस बघ.” तूही हसलास. नंतर आपण दोघं मागच्या अंगणात गेलो आणि तुझं-माझं जे बोलणं झालं ते झालं. त्याकडे शेवटी येते. आधी कूलर.

नदीकाठच्या बंधाऱ्याचं तुला माहीत आहेच. वरून रस्ता, खाली भराव, आणि प्रकल्पवाल्यांच्या चित्रात बंधाऱ्याच्या आत आपला बान्यादो, ही नदीकाठची सखल वस्ती, कोरडी ठणठणीत, हिरवी झाडं, सायकलवर गोरी मुलं. चित्र खोटं नाही. नदी बाहेर थांबेल. पण त्यांनी पूर फक्त नदीचा धरला आहे. वरच्या शहरातून जे पाणी येतं, पाऊस पडला की गाड्या ढकलत उतारावरून खाली धावतं, ते आज आपल्या अंगणांतून नदीला जाऊन मिळतं. उद्या मध्ये बंधारा आला तर ते जाईल कुठे? आम्ही वाटीच्या तळाशी राहणारे. वाटी आतून भरेल. मी हे मोहल्ल्याच्या बैठकीत बोलले, तर लोकांनी माना डोलावल्या. प्रकल्पाच्या कचेरीत बोलले, तर तिथले इंजिनियर बारेइरो म्हणाले, “सेन्योरिता, भीती सगळ्यांनाच वाटते. आकडे आणा, मग बोलू.” सुनावणी डिसेंबरच्या सुरुवातीला होती. त्या दिवशी आकडे टेबलावर नसते, तर भराव टाकायला मंजुरी मिळाली असती. आणि एकदा भराव पडला की तो उचलून परत नेलेला मी तरी पाहिलेला नाही.

तर आकडे हवे होते. माझ्या प्राध्यापिकांनी पुराचा नकाशा काढणारा त्यांचा जुना प्रोग्राम मला दिला. भला प्रोग्राम, पण हट्टी. पाणी क्षणाक्षणाने पुढे सरकतं; आत्ताचं पाणी कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढच्या क्षणाचं मांडता येत नाही. म्हणजे काम चार जणांत वाटून देता येत नाही. प्रोसेसरमध्ये चार कोअर असोत नाहीतर चाळीस, राबणार एकच, आणि तो जितका जोरात पळेल तितकंच काम होणार. कारखान्याच्या वेगाने धावलं असतं तर नकाशा सुनावणीनंतर हाती आला असता. विद्यापीठातल्या मोठ्या मशीनची रांग त्याहून लांब. उरलं आपलं मशीन आणि आपण शिकलेली ती एक नसती विद्या.

वेग वाढवला. प्रोसेसरबरोबर आलेला तो छोटा गोल पंखा किंचाळायला लागला, आणि जरा वेळाने प्रोसेसर स्वतःच मंद झाला. जीव वाचवायला तो तसं करतोच, तुला माहीत आहे. म्हणजे नवा कूलर घ्यायचा. तेव्हाच आईने तुला फोनवर सांगितलं असणार, कारण आठवड्याच्या आत तुझं खोकं दारात. आईला वाटलं, प्रश्न सुटला. “बघ, कसा पोरगा आहे! न मागता पाठवलं.” मी खोकं कपाटावर ठेवलं आणि बाजारात गेले.

का ते ऐक. पाण्याच्या कूलरमध्ये एक छोटा पंप असतो. तो मेला की सगळं मेलं, आणि तो कधी मेला हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्या खांबावरची वीज तुला आठवते? दोन घरांत इस्त्री लागली की दिवा पिवळा पडतो. तसल्या विजेवर तो पंप किती टिकला असता? पंख्याच्या कूलरमध्ये पंखा सोडून हलणारं काही नाही. पंखा बिघडला तर मेर्कादो कुआत्रोच्या बाजारात कुठल्याही टपरीवर दुसरा मिळतो, तो तारेने बांधला की झालं. दुसरं म्हणजे, प्रोसेसरच्या बाजूचे ते छोटे चौकोनी तुकडे, त्याला वीज पुरवणारे. वेग वाढवला की तेही तापतात. पाण्याचा कूलर फक्त प्रोसेसरची उष्णता नळीतून लांब घेऊन जातो, शेजारच्या तुकड्यांना वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही. पंख्याचा असेल तर जाता जाता त्यांनाही वारा देतो. तू म्हणशील, एक वेगळा पंखा लाव. लावला असता. पण जे बिघडलं तर माझ्या हाताने उघडून नीट करता येतं, तेच मला हवं होतं. हे वाक्य तू दोनदा वाच.

बाजारातला दुकानदार तुझाच भाऊ शोभावा असा. मी विचारलं उंची किती, तो म्हणाला, “दिवे सात रंगांचे, सेन्योरिता.” वजन विचारलं, तर म्हणाला, “फोनवरून रंग बदलतो.” मी पिशवीतून माझा नमुना काढला. दुधाचं खोकं कापून कूलरच्या मापाचं केलं होतं आणि घरी मशीनमध्ये बसवून बघितलं होतं: कुठे मेमरीच्या पट्ट्यांना अडतं, कुठे बाजूचं झाकण लागत नाही. तो नमुना एकेका कूलरशेजारी ठेवून बघायला लागले तेव्हा मात्र तो खुर्ची ओढून म्हणाला, “बसा. तेरेरे घेणार?” तेरेरे म्हणजे मातेच, पण थंडगार पाण्यातला, आत पुदिना ठेचलेला. त्याच्यानंतर माणसासारखं बोलणं झालं.

दोन मनोऱ्यांचा भला मोठा कूलर त्याने आधी पुढे केला. सगळ्यात गार ठेवणारा, यात वाद नाही. पण किलोच्या वर वजन, आणि मदरबोर्ड जुना. उभ्या मशीनमध्ये तो आडवा लोंबणार. पुराच्या पावसात भिजून वाळलेल्या बोर्डाला मी एवढं ओझं लटकवणार नव्हते. शिवाय मेमरीची एक पट्टी काढावी लागली असती आणि प्रोग्रामला ती हवी होती. दुसरा बुटका, वरून खाली वारा मारणारा. शेजारच्या तुकड्यांना छान, पण प्रोसेसरला अपुरा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली उष्णतेची क्षमता तो दाखवत होता. मी म्हटलं, “हे मोजलं तेव्हा खोलीत किती अंश होते?” त्याला माहीत नव्हतं. गार खोलीत मोजलेलं असतं ते सगळं. आमच्या पत्र्याखाली तसली हवा फक्त थंडीत, जुलैत येते. शेवटी मी घेतला एका मनोऱ्याचा, तांब्याच्या पाच नळ्यांचा, अंगाने सडपातळ, मेमरीला न अडणारा. बोर्डाच्या मागून पोलादी पट्टी लावून स्क्रूने आवळायचा. प्लॅस्टिकच्या खुंट्या नाहीत. आपल्या जुन्या कूलरच्या खुंट्या उन्हाने कशा तडकल्या होत्या, आठवतं ना? दिवे नाहीत. दुकानदार शेवटपर्यंत हळहळत होता, “एवढी शिकलेली मुलगी आणि एक दिवासुद्धा नाही!”

बसवला. प्रोसेसरवर पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब, तू शिकवलास तसा. मशीन आईच्या सांगण्यावरून उत्तरेच्या खिडकीत ठेवलं. “वारा येतो तिथे ठेव, गार राहील,” ती म्हणाली, आणि मी, पाण्यावर आणि हवेवर परीक्षा दिलेली इंजिनियर, हो म्हणाले. सगळ्या बान्यादोत जो तो पंखा, पाळणा, म्हातारं माणूस त्याच खिडकीत ठेवतो. दोन दिवस नदी पडद्यावर छान सरकत होती. तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला.

तो कसा असतो ते तुला सांगायला नको. चुलीच्या तोंडातून यावा तसा. कुत्री आपापसांत भांडत होती, शेजारच्या दोन जावा कपड्यांच्या दोरीवरून एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या, आणि दुपारी मशीन निळं पडून बंद झालं. सगळं काम वाया. बाहेर दोन अंगणं पलीकडे डॉन आनास्तासियो वेल्डिंग करतात. ते कपाळावर चष्मा चढवून आले, मशीनकडे बघितलं आणि निर्वाळा दिला, “उत्तरेचा वारा आहे, पोरी. त्याचंही डोकं फिरलं. उद्या येईल ताळ्यावर.” आई म्हणाली, “तेच म्हणते मी.” आणि दोघं शांतपणे तेरेरे प्यायला बसले.

देर्लिस, मला त्या क्षणी इतका राग आला की मी अंगणात जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मशीनचा राग नाही. ‘उत्तरेचा वारा होता’ या वाक्याचा. नवऱ्याने हात उचलला, उत्तरेचा वारा होता. पोरगी घर सोडून गेली, उत्तरेचा वारा होता, येईल परत. शिव्या दिल्या, लग्न मोडलं, भिंत पडली, सगळं त्या एका वाऱ्याच्या नावावर खपतं. दक्षिणेचा गार वारा आला की जणू कुणी काही बोललंच नव्हतं. आपल्याकडे त्या वाऱ्यात बोललेलं कुणी मनावर घेत नाही, ही आपली रीत. मायाळू रीत आहे, मान्य. पण तिच्यामुळे इथे कधीच कुणाला खरोखर काही म्हणायचं नसतं. फक्त हवा तापते आणि निवते.

मी भिंतीवरचा थर्मामीटर खिडकीत धरला. कूलर थंडी तयार करत नाही, हे मला पाठ होतं. तो फक्त उष्णता उचलतो आणि खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. हवाच पेटलेली असेल तर तो कुणाच्या हवाली करणार? तुझ्या पाण्याच्या कूलरचंही तेच झालं असतं; त्याची जाळीही शेवटी त्याच हवेत. मशीनचं डोकं फिरलं नव्हतं. आम्ही त्याला चुलीच्या तोंडाशी बसवलं होतं. कूलर नाही, खोली चुकली होती.

विटांची खोली घरात एकच आहे, आईची. आंब्याच्या सावलीतली, दक्षिणेला दार असलेली, पूर ओसरल्यावर तिने स्वतः विटा वाहून बांधलेली. मी नुसतं त्या दाराकडे बघितलं. मला माहीत होतं, तिला मनातून हे सगळं नको आहे. मी तुझ्याकडे यावं, चौथ्या मजल्यावर राहावं, जिथे नदी पोचत नाही, हे तिचं स्वप्न आहे. ती उठली, आपली खाट उचलली आणि बाहेर आंब्याखाली नेऊन टाकली. “आण तुझ्या लाडक्याला,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी वस्तीला सांगत होती, “इतक्या वर्षांनी माझ्या खोलीत पुरुष आला, तर तोही नुसता घोरतो!”

वेगही मी खाली आणला. तुला आवडणार नाही. आणखी वर गेला असता, कूलरला झेपलंही असतं. पण खेळ मध्येच बंद पडला तर पोरं ओरडतात आणि पुन्हा सुरू करतात. पुराच्या गणितात मात्र मशीन बंद न पडता गुपचूप एक आकडा चुकवू शकतं, आणि मग मी कुणाच्या तरी घरावर खोटं पाणी काढलं असतं, किंवा खरं पाणी पुसलं असतं. म्हणून असा वेग धरला की तेच गणित दोनदा केलं तरी उत्तर तेच यावं. आलं. फोटो काढण्यासारखा आकडा नव्हता तो.

आणि मग वस्तीने जे केलं ते तू बघायला हवं होतंस. खांबावरची वीज पुरावी म्हणून डॉन आनास्तासियोंनी वेल्डिंग बंद ठेवलं. म्हणाले, “तुझी नदी वाहून होऊ दे आधी, माझी फाटकं कुठे पळून जात नाहीत.” बायकांनी इस्त्र्या बाजूला ठेवल्या. येता-जाता प्रत्येक जण दारातून हाक मारायचा, “काय पोर्फिरियाबाई, नदी कुठवर आली?” आणि माझी आई, जिला पडद्यावरचं एक अक्षर कळत नाही, बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईच्या ठसक्यात सांगायची, “आत्ता चॅपलपाशी आहे. तुझं घर संध्याकाळी.” लोक हसायचे. आणि मग आपलं घर बुडताना बघायला खरंच संध्याकाळी यायचे, खुर्च्या घेऊन. पडद्यावर निळा रंग बंधाऱ्याच्या बाहेरून नाही, वरच्या शहराच्या बाजूने आला. हळूहळू वाटीच्या तळाशी साठला. कुणी हसलं नाही मग. एक आजी म्हणाली, “मी सांगत होतेच,” आणि खुर्ची उचलून निघून गेली.

सुनावणीला मी तो नकाशा नेला. हॉल भरलेला, मागच्या बाजूला आपली माणसं उभी. मी बोलत असताना डॉन आनास्तासियो मध्येच ओरडले, तेव्हा इंजिनियर बारेइरो मायक्रोफोनमध्ये हसून म्हणाले, “शांत व्हा मंडळी. उत्तरेचा वारा आहे आज, सगळ्यांचीच डोकी तापली आहेत.” लोकही सवयीने हसले. मी म्हटलं, “इंजिनियर, हॉलमध्ये एसी चालू आहे. मला तर थंडी वाजतेय. पाणी कुठे जाणार ते सांगा.” हसू थांबलं. मग त्यांनी विचारलं, “हे गणित केलंत कुठल्या संगणकावर?” मी म्हटलं, “आईच्या खोलीतल्या.” पुन्हा हसू. प्राध्यापिका उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, प्रोग्राम माझा आहे, हवा त्या संगणकावर चालवून बघा, उत्तर हेच येईल. तेव्हा त्यांनी मायक्रोफोन खाली ठेवला, कारण आतल्या पाण्याचं गणित त्यांनी कुठल्याच संगणकावर केलेलं नव्हतं.

आम्ही जिंकलो नाही अजून. आतलं पाणी मोजून झाल्याशिवाय भराव सुरू होणार नाही, एवढं लिहून मिळालं. मार्चमध्ये पुन्हा बसायचं आहे, त्यांनी दिलेल्या पावसाच्या आकड्यांवर नवं गणित करून. ते दमून जायची वाट बघतील. बघू दे. माझा कूलर दमणारा नाही आणि मीही नाही.

आता ते अंगणातलं बोलणं. परवा आई म्हणाली, तुझा फोन आला होता. नाताळच्या आधी मित्राची गाडी घेऊन येतोस, माझं सामान न्यायला. तिने तुला विचारलं, निमियाने तर नाही म्हटलं होतं ना? त्यावर तू म्हणालास, “ते मी मनावरच घेतलं नाही मावशी, उत्तरेचा वारा होता त्या दिवशी.” आई किती खूश झाली! तिलाही तेच हवं होतं. म्हणून हे पत्र. देर्लिस, नीट आठव. तुझ्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. आईने तुला तेरेरे नाही, माते दिला होता, उकळता, आणि तुझी जीभ भाजली होती. उत्तरेच्या वाऱ्यात आपल्याकडे कुणी उकळता माते करतं का? चुलीचा धूर उत्तरेकडे चालला होता. वारा दक्षिणेचा होता, थंड, स्वच्छ, आणि माझं डोकं त्याहून थंड होतं. तू म्हणालास, “एवढी पदवी घेऊन या चिखलात बसणार?” आणि मी म्हटलं, मी तुझ्याबरोबर येणार नाही, आत्ता नाही, पूर आल्यावरही नाही. आज पुन्हा म्हणते, खिडकी बंद करून, आईच्या गार खोलीत बसून. गाडी आणू नकोस. मशीनही परत मागू नकोस, मार्चपर्यंत त्याला नोकरी आहे. वर प्रिय लिहिलं ते खरं आहे, छातीएवढ्या पाण्यातून तू चाललास तेव्हापासून खरं आहे. पण खाली ‘तुझीच’ लिहिणार नाही.

बान्यादोचीच,
निमिया